आकाशवाटांचे निर्माते

सन १९३० च्या सुमारास रत्नागिरीहून मुंबईस जावयाचे, म्हणजे बहुतेकांना आगबोटीचाच आश्रय घ्यावा लागे. बंदरावर तासन् तास बोटीची वाट पाहावी, पडावात बसून हेलकावे खात बोटीपर्यंत जावे आणि सामानसुमान सांभाळीत डेकवर मिळेल तेथे पथारी पसरावी, असा तो प्रवास असे. पावसाळा सुरू झाला, की समुद्र खवळे आणि बोटी बंद होत. मग घाट चढून कोल्हापूर गाठावे व तेथून आगगाडीने मुंबईची वाट धरावी, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. मनुष्य आकाशातून प्रवास करू लागला आहे, हे लोकांच्या कानांवर आले होते. पण ती गोष्ट दूरच्या देशांतील आणि थोरामोठ्यांची, अशीच त्यांची समजूत होती.

परंतु त्याच काळात मुंबईत एक तरुण आपल्या देशात आकाशवाटा आखण्याचे स्वप्न पाहत होता. त्याचे नाव जहांगीर रतनजी दादाभाई टाटा. पुढे सारे जग त्यांना जे. आर. डी. टाटा या नावाने ओळखू लागले.

जहांगीर यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे झाला. त्यांचे वडील रतनजी हे थोर उद्योगपती जमशेटजी टाटा यांचे आप्त व सहकारी होते. आई सुझान या फ्रेंच होत्या. लहानपणी जहांगीर यांचे दिवस कधी फ्रान्समध्ये, कधी जपानात, तर कधी मुंबईत गेले. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर हार्डलो नावाचे एक गाव आहे. तेथे टाटा कुटुंब उन्हाळ्यात राहावयास जाई. इंग्लंड व फ्रान्स यांच्यामधील खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे वीर लुई ब्लेरिओ यांचेही तेथे घर होते. तेथील वाळूवर विमाने उतरत व उडत. ती पाहताना छोट्या जहांगीरचे भान हरपे. पंधराव्या वर्षी त्याला विमानात बसण्याची पहिली संधी मिळाली. ती भरारी काही मिनिटांचीच होती. पण आपणही विमान चालवावयाचे, हा त्याचा निश्चय त्या दिवशी कायम झाला.

त्यासाठी त्यांना आणखी बरीच वर्षे थांबावे लागले. वडिलांच्या इच्छेनुसार ते टाटांच्या व्यवसायात शिरले. १९२६ साली वडिलांचे निधन झाले आणि संसाराचा भार तरुण वयातच त्यांच्या खांद्यावर आला. तरीही आकाशाची ओढ कमी झाली नाही. मुंबईस उड्डाणसंस्था निघताच ते शिकावयास गेले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात देण्यात आलेला तो पहिला परवाना होता आणि त्यावर १ हाच अंक होता.

पुढच्याच वर्षी त्यांच्या मनाचा मोठेपणा दाखविणारा एक प्रसंग घडला. भारत आणि इंग्लंड यांमधील अंतर विमानातून एकट्याने प्रथम पार करणाऱ्या भारतीयास आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले होते. जहांगीर कराचीहून पश्चिमेकडे निघाले. अस्पी इंजिनियर नावाचा एक तरुण इंग्लंडहून भारताकडे येत होता. इजिप्तमधील अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. अस्पीच्या विमानास स्पार्क प्लग हवे होते आणि त्याच्याजवळ जादा प्लग नव्हते. जहांगीर यांनी क्षणाचाही विचार न करता आपल्याजवळचे प्लग त्याला दिले. अस्पी पुढे निघाला आणि थोड्याच तासांच्या फरकाने त्याने ती शर्यत जिंकली. जहांगीर हरले, पण त्यांना त्याचे दुःख झाले नाही. हाच अस्पी इंजिनियर पुढे १९६० साली भारतीय वायुसेनेचा प्रमुख झाला.

त्या काळी इंग्लंडहून येणारे हवाई टपाल कराचीपर्यंत विमानाने येई आणि तेथून पुढे आगगाडीने जाई. नेव्हिल व्हिन्सेंट या धाडसी वैमानिकाने जहांगीर यांच्यापुढे एक योजना मांडली. कराचीहून अहमदाबाद, मुंबई व बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंत टपाल विमानाने न्यावे, अशी ती योजना होती. जहांगीर यांना ती तत्काळ पटली. परकीय सरकारने मात्र आर्थिक साह्य देण्याचे नाकारले आणि वाटाघाटींत वर्षे गेली. अखेरीस सरकारी साह्यावाचूनच हे काम करावयाचे ठरले. टाटांनी त्यासाठी सुमारे २ लाख रुपये गुंतविले.

१५ ऑक्टोबर १९३२ हा दिवस उजाडला. सकाळी ६ वाजून ३५ मिनिटांनी जहांगीर यांनी कराचीच्या द्रिघ रोड विमानतळावरून ‘पुस मॉथ’ जातीचे एक छोटेसे विमान आकाशात नेले. विमानास एकच इंजिन होते. जमिनीशी बोलण्यास बिनतारी यंत्र नव्हते. खालच्या नद्या, रेल्वेचे रूळ व समुद्रकिनारा पाहूनच दिशा ठरवावयाची होती. अहमदाबादला विमान उतरले, तेव्हा त्यासाठी लागणारे पेट्रोल बैलगाडीतून आणलेले होते. ते भरून जहांगीर पुन्हा उडाले आणि दुपारी १ वाजून ५० मिनिटांनी मुंबईच्या जुहू येथे उतरले. तेथून टपालाच्या थैल्या घेऊन व्हिन्सेंट मद्रासकडे गेले. भारतीय विमानवाहतुकीचा खरा आरंभ तो हाच.

त्या वेळचे जुहू म्हणजे समुद्रकाठचे एक सपाट मैदान. तेथे झावळ्यांनी शाकारलेली एक शेड होती. दोन छोटी विमाने आणि मोजकी माणसे, एवढाच कंपनीचा पसारा होता. पावसाळ्यात जुहूला चिखल होई. तेव्हा सारे बिऱ्हाड पुण्यास येरवड्याजवळ हलविण्यात येई. अशाही स्थितीत टपाल वेळेवर पोहोचलेच पाहिजे, असा जहांगीर यांचा कटाक्ष असे. पहिल्या वर्षी कंपनीची विमाने १,६०,००० मैल उडाली. त्या संपूर्ण वर्षात प्रवासी किती मिळाले? केवळ १५५! आगबोटीच्या एका खेपेस याहून अधिक माणसे सहज मावत. पण त्या १५५ जणांनी उघडलेली वाट पुढे बंद झाली नाही.

१९३५ साली टाटांची विमाने मुंबईहून गोवा व कन्ननूरमार्गे त्रिवेंद्रमला जाऊ लागली. रत्नागिरी मुंबई व गोवा यांच्या मधोमध वसलेली. पण या मार्गावर तिला थांबा नव्हता. कोकणातील माणसे पूर्वीप्रमाणेच बोटीची वाट पाहत राहिली. विमानातील जागा फार थोड्या होत्या आणि प्रवास महाग होता. आकाशवाट खुली होणे निराळे आणि ती सर्वांसाठी रुंद होणे निराळे. या दुसऱ्या कार्यास अनेक पिढ्या लागावयाच्या होत्या.

१९३८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जहांगीर टाटा समूहाचे अध्यक्ष झाले. पोलाद, वीज, रसायने असे अनेक उद्योग त्यांच्या हाती आले; तरी विमानांवरचे त्यांचे प्रेम ढळले नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात १९४२ साली व्हिन्सेंट एका विमानप्रवासात मृत्युमुखी पडले आणि जहांगीर यांचा उजवा हात गेला. परंतु हाती घेतलेले काम त्यांनी सोडले नाही. १९४६ साली त्यांच्या विमान कंपनीस ‘एअर इंडिया’ हे नाव मिळाले. ८ जून १९४८ रोजी या कंपनीचे ‘मलबार प्रिन्सेस’ नावाचे विमान मुंबईहून लंडनकडे झेपावले. स्वतंत्र भारताची निशाणी सातासमुद्रांपलीकडे पोहोचली.

देशातील विमानवाहतुकीवर मात्र त्याच वेळी संकट आले. युद्ध संपल्यावर सैन्याची डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. अशा विमानात सामान्यतः वीस ते अठ्ठावीस माणसे बसत. अनेक धनिकांना वाटले, की विमान घ्यावे, परवाना मिळवावा आणि पैसा कमवावा. सरकारनेही एकामागून एक परवाने दिले. पाहता पाहता विमानांतील जागा वाढल्या. पण त्या भरण्याइतके प्रवासी देशात नव्हते. जहांगीर यांनी या धोक्याची सूचना वारंवार दिली होती.

हा धोका कोणता, हे रत्नागिरीच्या आंब्याच्या उदाहरणावरून समजेल. हापूसची पेटी आज विकली गेली नाही, तर उद्या विकता येते. विमानातील रिकामी जागा मात्र उद्यासाठी राखून ठेवता येत नाही. विमान जमिनीवरून उडाले, की त्या जागेचे मोल त्याच क्षणी नाहीसे होते. पेट्रोल, वैमानिकांचे वेतन व दुरुस्ती यांचा खर्च तर विमान भरलेले असो वा रिकामे, करावाच लागतो. म्हणून विमानवाहतुकीचा हिशेब विमानांच्या संख्येवरून करीत नाहीत. जागांची संख्या आणि कापलेले अंतर यांचा गुणाकार करतात. चाळीस जागांचे विमान ५०० किलोमीटर गेले, की २०,००० आसन-किलोमीटर इतकी सोय निर्माण झाली. त्यांपैकी किती जागांवर खरोखरच माणसे बसली, यावर कंपनीचे जगणे-मरणे अवलंबून असते.

त्या वेळच्या अनेक कंपन्यांना हा हिशेब जमला नाही व त्या तोट्यात बुडू लागल्या. १९५० साली न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमण्यात आली. कंपन्या गरजेहून अधिक झाल्या आहेत, असाच निष्कर्ष त्या समितीने काढला. लहान कंपन्यांनी एकत्र यावे, असे तिने सुचविले. परंतु सरकारने निराळा मार्ग स्वीकारला. १९५३ साली कायदा करून सर्व कंपन्या राष्ट्राच्या मालकीच्या करण्यात आल्या. देशांतर्गत वाहतुकीसाठी ‘इंडियन एअरलाइन्स’ आणि परदेशी वाहतुकीसाठी ‘एअर इंडिया इंटरनॅशनल’ ही दोन महामंडळे स्थापन झाली. आठ कंपन्यांची मिळून ९९ विमाने इंडियन एअरलाइन्सकडे आली. त्यांत ७४ डाकोटा होती.

जहांगीर यांना या निर्णयाचे अतिशय वाईट वाटले. स्वतःच्या हातांनी लावलेले व जोपासलेले झाड एका दिवसात परके व्हावे, तसे ते झाले. हा मार्ग देशाच्या हिताचा नाही, असे त्यांचे प्रामाणिक मत होते व ते त्यांनी पंतप्रधान पंडित नेहरूंना स्पष्टपणे कळविले. तथापि नेहरूंनी जेव्हा त्यांना एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती केली, तेव्हा त्यांनी राग धरला नाही. मालकी गेली तरी काम आपलेच आहे, असे मानून त्यांनी ती जबाबदारी घेतली आणि कोणतेही वेतन न घेता २५ वर्षे सांभाळली.

त्यांची काम करण्याची रीत मोठी नमुनेदार होती. विमानातून प्रवास करताना ते स्वस्थ बसत नसत. पडदे स्वच्छ आहेत की नाहीत, चहा नीट झाला आहे की नाही, खुर्ची मागे सरकते की अडकते, हे सारे ते बारकाईने पाहत व टिपून ठेवीत. परत आल्यावर अधिकाऱ्यांच्या टेबलावर त्या टिपणांचे कागद येत. प्रसंगी विमानातील अस्वच्छ जागा स्वतःच्या हाताने साफ करण्यातही त्यांना कमीपणा वाटत नसे. अशा दक्षतेमुळे जगातील उत्तम विमान कंपन्यांत एअर इंडियाची गणना होऊ लागली.

देशातील विमानेही हळूहळू बदलत गेली. १९५७ साली डाकोटांच्या जोडीस व्हायकाउंट विमाने आली. १९६४ मध्ये कॅरावेल हे जेट विमान आले. १९७० नंतर बोइंग ७३७ आणि १९७६ साली अडीचशेहून अधिक प्रवासी नेणारे एअरबस विमान आले. जहांगीर यांच्या पहिल्या विमानात वैमानिकाखेरीज एक-दोन माणसे जेमतेम मावत. त्यांच्याच डोळ्यांदेखत एका विमानात एखाद्या लहान वाडीतील सारी वस्ती मावू लागली.

१९७८ साली त्यांच्यावर आणखी एक आघात झाला. त्या वर्षीच्या १ जानेवारीस एअर इंडियाचे एक मोठे विमान मुंबईजवळ समुद्रात कोसळले व २१३ जणांचे प्राण गेले. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारने जहांगीर यांना अध्यक्षपदावरून दूर केले. ही वार्ता त्यांना दुसऱ्यांकडून कळली. पंचवीस वर्षांच्या निरपेक्ष सेवेचा हा शेवट अनेकांच्या जिव्हारी लागला. पुढे १९८० साली त्यांना पुन्हा संचालक मंडळावर सन्मानाने बोलाविण्यात आले, तेव्हा मागील अपमान विसरून ते गेले.

१५ ऑक्टोबर १९८२ रोजी पहिल्या उड्डाणास ५० वर्षे पूर्ण झाली. जहांगीर तेव्हा ७८ वर्षांचे होते. त्या वयात त्यांनी ‘लेपर्ड मॉथ’ हे जुन्या काळचे छोटे विमान कराचीहून मुंबईपर्यंत स्वतः चालवीत आणले. साहसाचा व कर्तृत्वाचा आनंद तरुणांच्या मनात पुन्हा जागा व्हावा, हाच त्यांचा हेतू होता.

१९९२ साली भारत सरकारने त्यांना ‘भारतरत्न’ हा सर्वोच्च किताब अर्पण केला. २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हा येथे त्यांचे देहावसान झाले आणि जेथे त्यांचा जन्म झाला, त्या पॅरिस नगरीतच त्यांना चिरविश्रांती मिळाली. १९९४ मध्ये १९५३ चा तो कायदा रद्द झाला व खाजगी कंपन्यांना पुन्हा रीतसर वाव मिळाला. २७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया परत टाटा समूहाकडे आली. हा दिवस पाहण्यास जहांगीर नव्हते.

आकाशवाटेचे रूप मात्र त्यांच्या कल्पनेपलीकडे पालटले. २०१९ साली देशातल्या देशात १४ कोटींहून अधिक लोकांनी विमानप्रवास केला. पुढच्याच वर्षी कोरोनाच्या साथीमुळे हा आकडा निम्म्याहूनही खाली उतरला. पण २०२४ साली तो १६ कोटींच्या पुढे गेला. कोठे एका वर्षातील १५५ प्रवासी आणि कोठे एका दिवसातील चार लाख! तथापि हा चढ सरळ नव्हता. जागा भराभर वाढविणाऱ्या, पण हिशेब न जमलेल्या कित्येक कंपन्या या काळातही बुडाल्या. जहांगीर यांनी पूर्वी दिलेला इशारा नव्या पिढीसही तितकाच लागू पडला.

कोकणातही काळ पालटला. मुंबईच्या आगबोटी इतिहासजमा झाल्या आणि १९९८ साली संपूर्ण कोकण रेल्वे सुरू झाली. रत्नागिरीजवळील धावपट्टीवर तटरक्षक दलाची विमाने उतरू लागली. २०२१ साली शेजारच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात चिपी येथे प्रवासी विमानतळ सुरू झाला. रत्नागिरीसही प्रवासी विमानतळ उभारण्याचे काम हाती घेण्यात आले. मोठ्या शहरांच्या वाट्यास आलेल्या या वाटा लहान गावांपर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, हे यावरून ध्यानात येते.

जहांगीर टाटा यांनी जे निर्माण केले, ते त्यांच्या हातून एकदा नव्हे, दोनदा गेले. तरीही त्यांनी कामाशी वैर केले नाही. सर्वांत मोठे होण्यापेक्षा नेमके, स्वच्छ व वेळेवर काम करण्यास त्यांनी अधिक महत्त्व दिले. रत्नागिरीच्या आकाशातून एखादे विमान जाताना दिसले, तर जुहूची ती झावळ्यांची शेड, बैलगाडीतून आलेले ते पेट्रोल आणि शर्यतीत स्वतःजवळचे प्लग देऊन टाकणारा तो तरुण यांचे स्मरण अवश्य व्हावे.